गावच्या दप्तरासाठी शोध सर्व्हर : सोलर बसवण्यापासून सांभाळण्यापर्यंत

माजी मालगुजारी तलावाच्या (मालगुजारांच्या काळातील जुन्या गावतलावाच्या) पाळीची दुरुस्ती करण्याचा ठराव ग्रामसभेने नेमका कोणत्या वर्षी केला होता, या एका प्रश्नासाठी आमच्या धानोरा तालुक्यातील गावात ठरावांच्या वह्या उपसण्यात अख्खी दुपार गेली आणि त्यानंतरच हे काम मी हाती घेतले. गावच्या वाचनालयातील एका साध्या संगणकावर ग्रामसभेचे ठराव, तेंदू आणि बांबूच्या लिलावांची कागदपत्रे, शेतीची माहितीपत्रके आणि ग्रंथयादी असा संग्रह आता शोधता येतो. हे सारे ‘सोलर’ या शोधाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते (त्याचा सौरऊर्जेशी संबंध नाही). योनिक सीली यांनी २००४ मध्ये त्याची सुरुवात केली आणि २००६ मध्ये ते अपाची प्रतिष्ठानकडे आले. त्याच्या पोटात ‘ल्युसीन’ हा शोधाचे मूळ काम करणारा प्रोग्रामसंच असतो.

सर्व्हर बसवायला एक दुपार पुरते, परंतु त्याला मराठी कळेल अशी मांडणी करायला मला चार महिने लागले. पुढील पायऱ्यांमध्येही वेळेची वाटणी याच प्रमाणात धरावी. आज्ञा आणि फाइलींची नावे संगणकावर इंग्रजी लिपीतच टाइप करावी लागतात. येथे मी त्यांचे उच्चार दिले आहेत आणि कामाचे स्वरूप शब्दांत सांगितले आहे.

१. सुरू करण्यापूर्वी काय जमवावे

आठ जीबी मेमरीचा संगणक, त्यात एसएसडी डिस्क, लिनक्स, जावा आणि किमान पंधरा-वीस मिनिटे तग धरणारा यूपीएस एवढी सामग्री गावापुरत्या संग्रहाला पुरेशी आहे. प्रत जपण्यासाठी एक वेगळी डिस्क हवी. मात्र इंडेक्स, म्हणजे सोलरने शोधासाठी तयार केलेली शब्दांची सूची, पेनड्राइव्हवर कधीही ठेवू नये, कारण तेथे तो अतिशय मंद चालतो आणि पेनड्राइव्हही लवकर निकामी होतो.

कागदोपत्री तयारी याहून महत्त्वाची आहे. दप्तर स्कॅन करण्यास ग्रामपंचायतीची लेखी संमती घ्यावी आणि कोणते कागद शोधात येणार नाहीत याची यादी त्याच पत्रात असावी. लाभार्थ्यांच्या याद्यांमध्ये आधार क्रमांक आणि बँक खाती असतात. असे कागद इंडेक्समध्ये जाऊच देऊ नयेत. नंतर काढून टाकू असे म्हणून ते भरले, तर तोवर घेतलेल्या प्रत्येक बॅकअपमध्येही ते जाऊन बसलेले असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे एक साधी वही. गावकरी जे प्रश्न विचारतात ते त्यांच्याच शब्दांत तीत उतरवावेत. माझ्या वहीत सुरुवातीला चाळीस प्रश्न होते आणि पुढची प्रत्येक चाचणी मी त्यांच्यावरच घेतली.

२. कागदातील मजकूर युनिकोडमध्ये आणावा

पडद्यावर मराठी दिसते म्हणून फाइलमध्ये मराठी आहे, असे समजू नये. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरात प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचे रूप देतो. अशा पीडीएफमधून मजकूर काढला की हाती निरर्थक अक्षरांचा ढीग येतो आणि सोलर तो ढीग मुकाट्याने इंडेक्स करतो, चूक म्हणून काहीही दाखवत नाही. तालुक्याच्या एका टायपिंग केंद्रातून आलेल्या साठ फाइली मी अशाच भरल्या होत्या आणि त्यांतला एकही ठराव का सापडत नाही हे समजायला मला आठवडा लागला.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पीडीएफमधील एक ओळ कॉपी करून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवावी. तेथे मराठी उमटले तर फाइल कामाची आहे. न उमटल्यास त्या फॉन्टच्या परिवर्तकाने ती युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या प्रमाण पद्धतीत, आणावी किंवा पानाचे चित्र करून ‘टेसेरॅक्ट’ या मजकूर-ओळख सॉफ्टवेअरला द्यावे; त्यात मराठीचा संच उपलब्ध आहे. हस्तलिखित वह्यांपुढे मात्र टेसेरॅक्टचे काही चालत नाही. त्यांचा विषय, तारीख आणि ठराव क्रमांक हाताने टाइप करून सोबत पानाचे चित्र जोडणे हाच व्यवहार्य मार्ग मला दिसला.

पीडीएफमधून मजकूर काढण्याची सोय सोलरमध्येही आहे, तरी ते काम बाहेर, ‘टिका’ हे साधन स्वतंत्रपणे चालवून करावे. एखादी बिघडलेली पीडीएफ मेमरी गिळून बसली तर टिका बंद पडेल, शोध चालू राहील.

३. सोलर बसवणे

आमच्याकडे मोठी फाइल एका दमात उतरत नाही, म्हणून मी ती गडचिरोलीहून पेनड्राइव्हवर आणली. तुम्हीही तसे करणार असाल तर संकेतस्थळावर दिलेली एसएचए-५१२ पडताळणी-बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा संकेत) जुळवून पाहावी. अर्धवट उतरलेली फाइल कधीकधी उघडते आणि पुढे भलत्याच ठिकाणी अडते.

मी नवव्या मालिकेतील आवृत्ती वापरतो. तिला जावा किमान ११ लागते. संचाच्या बिन फोल्डरमध्ये सेवा म्हणून बसवण्याची स्क्रिप्ट मिळते, तीच वापरावी. ती ‘सोलर’ नावाचा वेगळा वापरकर्ता तयार करते, माहिती स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवते आणि संगणक सुरू झाला की सर्व्हर आपोआप सुरू करते. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता म्हणून सोलर चालवू नये. तो स्वतःच तशी सुरुवात नाकारतो आणि त्याच्यावर जबरदस्ती करण्याचा पर्याय असला तरी तो वापरण्यासारखा नाही.

मेमरीच्या बाबतीत नवखा माणूस हमखास उलटे करतो. सोलरला मूळची ५१२ एमबी हीप, म्हणजे त्याच्यासाठी राखून ठेवलेली मेमरी, मिळते. ती एक किंवा फार तर दोन जीबी करावी आणि उरलेली मेमरी मोकळी सोडावी. इंडेक्सच्या फाइली वाचण्यासाठी ल्युसीन ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशवर (मोकळ्या मेमरीत ठेवलेल्या फाइलींच्या प्रतींवर) अवलंबून असतो, त्यामुळे आठपैकी सहा जीबी हीपला देऊन टाकले की शोध उलट मंदावतो.

८९८३ या पोर्टवर प्रशासनाचे पान उघडले, म्हणजे ही पायरी संपली.

४. कोअर आणि फील्ड

क्रिएट या आज्ञेने एक कोअर, म्हणजे एका संग्रहाचा इंडेक्स आणि त्याची मांडणी, तयार करावा. त्याच क्षणी, पहिला कागद भरण्यापूर्वी, फील्ड (नोंदीतील विषय, तारीख असे रकाने) आपोआप ओळखण्याची सोय बंद करावी. ही सोय आलेल्या पहिल्या मूल्यावरून फील्डचा प्रकार ठरवते. माझ्या पहिल्या कागदात गट क्रमांक नुसता चौदा होता, म्हणून सोलरने ते फील्ड संख्येचे मानले आणि पुढचा ‘१४/१अ’ आला तेव्हा तो कागद नाकारला. गट क्रमांक, ठराव क्रमांक, खाते क्रमांक या गोष्टी आकड्यांत लिहिल्या जात असल्या तरी त्या संख्या नव्हेत. त्यांना ‘स्ट्रिंग’ (अक्षरे जशीच्या तशी साठवणारा) हा प्रकार द्यावा आणि मुख्य मजकूर, विषय यांना मजकुराचा प्रकार द्यावा.

प्रत्येक कागदाला स्वतःच ठरवलेली आणि न बदलणारी ओळख द्यावी, उदाहरणार्थ वहीचा क्रमांक, वर्ष आणि पान मिळून. सर्व्हरला यादृच्छिक ओळख तयार करू दिली तर तोच कागद पुन्हा भरल्यावर जुन्याची जागा न घेता त्याची दुसरी प्रत तयार होते.

तारखेचा सापळा मला १५ ऑगस्टच्या ग्रामसभेने दाखवला. सोलर सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेत साठवतो. माझी भरणा करणारी स्क्रिप्ट भारतीय मध्यरात्र देत होती, ती साडेपाच तास मागे जाऊन १४ ऑगस्टची संध्याकाळ झाली आणि सगळ्या ग्रामसभा एक दिवस आधी भरल्या असे दिसू लागले. फक्त दिवस नोंदवायचा असेल तर तो थेट प्रमाणवेळेतील मध्यरात्र म्हणूनच लिहावा.

५. सर्व्हरला मराठी शिकवणे

सोलरसोबत हिंदीसाठी मजकुराचा तयार प्रकार येतो, मराठीसाठी येत नाही. लिपी एकच असल्यामुळे हिंदीचा प्रकार जसाच्या तसा लावावा असे वाटते. मीही तेच केले. त्यातून काय घडते ते प्रशासनाच्या पानावरील ‘ॲनालिसिस’ या भागात डोळ्यांनी पाहता येते. तेथे एक शब्द लिहिला की तो प्रत्येक फिल्टरमधून, म्हणजे शब्दावर संस्कार करणाऱ्या एकेका पायरीतून, जाताना कसा बदलतो हे ओळीने दिसते. या कामातील सर्वांत उपयोगी पडदा हाच आहे आणि नवख्यांना तो बहुधा कोणी दाखवत नाही.

मी तेथे ‘बोरकर’ हे आडनाव घातले आणि शेवटच्या ओळीत ‘बोर’ उरले. हिंदीत ‘जाकर’, ‘देखकर’ अशी रूपे असतात, म्हणून हिंदीचा प्रत्यय छाटणारा फिल्टर शब्दाच्या शेवटचा ‘कर’ कापतो. त्याच न्यायाने ‘दिवाकर’ आणि ‘दिवा’ या दोहोंचे ‘दिव’ होते. हिंदीच्या वगळायच्या शब्दांच्या यादीतही ‘कर’ आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या संग्रहात कराविषयी शोध घेता येईना. म्हणून दोन गोष्टी काढून टाकाव्यात : हिंदीचा प्रत्यय-छाटणी फिल्टर आणि हिंदीची वगळ-यादी.

हिंदीचा सामान्यीकरण फिल्टर मात्र ठेवण्यासारखा आहे. तो दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व करतो, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि न दिसणारी जोडचिन्हे काढतो, हलन्त पुसतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ऱ्य टाइप करण्याच्या एकाहून अधिक पद्धती आहेत. डोळ्यांना ते सारखेच दिसतात, पण संगणकाला वेगळे वाटतात. या फिल्टरनंतर दोन्हींचे ‘शेतकरयांना’ असे एकच रूप होते. दिसायला ते ओबडधोबड असले तरी आत काय साठवले आहे याने वाचकाला फरक पडत नाही, त्याला मूळ मजकूरच दाखवला जातो.

या फिल्टरची एक किंमत मोजावी लागते. तो ऐकाराचा एकार करतो, म्हणून ‘पैसा’ आणि ‘पेसा’ एक होतात. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आमच्या दप्तरात पानोपानी आहे आणि पैसा तर त्याहून जास्त पानांवर आहे. यावर उपाय असा की मजकुराचे दुसरे फील्ड करावे, त्यात हे सामान्यीकरण लावू नये आणि शोधताना त्या फील्डला अधिक वजन द्यावे. त्यामुळे ‘पेसा’ लिहिणाऱ्याला आधी तंतोतंत पेसा असलेले ठराव मिळतात आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकवणाराही रिकाम्या हाताने परतत नाही.

आकड्यांसाठी दशमान अंकांचा फिल्टर न विसरता जोडावा. आमच्या दप्तरात काही वर्षे मराठी अंकांत तर काही इंग्रजी अंकांत लिहिलेली आहेत. हा फिल्टर दोन्ही एकत्र आणतो.

आता प्रत्ययांचा प्रश्न. ‘तलाव’ शोधणाऱ्याला ‘तलावाच्या’, ‘तलावातील’, ‘तलावांवर’ हेही मिळायला हवे. मी तीन मार्ग करून पाहिले. पहिला मार्ग म्हणजे शेवटचे ‘ला’, ‘ने’, ‘त’ कापणारा सरसकट नियम. त्याने ‘किल्ला’चे ‘किल’ केले आणि ‘शेत’चे ‘शे’. दुसरा मार्ग शब्दाच्या सुरुवातीच्या तुकड्यांवर जुळवण्याचा होता. ‘पीक’ आणि ‘पिकाचे’, ‘पूल’ आणि ‘पुलावर’ या जोड्या त्यात छान जमतात, कारण ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आधीच मिटलेला असतो. पण ‘धान’ शोधले की ज्या कागदाच्या मथळ्यावर तालुका धानोरा लिहिले आहे तो प्रत्येक कागद, म्हणजे जवळजवळ सगळेच दप्तर, समोर येई.

तिसरा मार्ग कष्टाचा आहे आणि तोच टिकला. संग्रहात वारंवार येणाऱ्या सुमारे चारशे नामांची यादी केली, प्रत्येकासमोर त्याची सामान्यरूपे हाताने लिहिली (माणूस : माणसा, माणसां, बोडी म्हणजे लहान तळे : बोडी, बोड्यां) आणि एका छोट्या स्क्रिप्टने त्यांना चा-ची-चे-च्या, ला, ना, ने, नी, त, तील, वर, साठी असे प्रत्यय जोडून ‘रूप आणि मूळ शब्द’ अशा जोड्यांची फाइल तयार केली. मूळ शब्द ठरवून देणारा ‘स्टेमर ओव्हरराइड’ हा फिल्टर ही फाइल वाचतो. ती भरणा करताना आणि शोधताना, दोन्हीकडे लावावी.

यातही एक खोच आहे. हा फिल्टर सामान्यीकरणानंतर येत असेल तर फाइलमधील शब्दही सामान्यीकरण झालेल्या रूपात हवेत, म्हणजे ‘तलावाच्या’ असे न लिहिता ‘तलावाचया’ असे. माझी पहिली फाइल शुद्ध मराठीत होती आणि तिच्यातील जोडाक्षर असलेली एकही ओळ लागू पडली नाही.

समानार्थी शब्दांची फाइल फक्त शोधाच्या बाजूला लावावी, म्हणजे ती बदलल्यावर सगळा संग्रह पुन्हा भरावा लागत नाही, कोअर रीलोड केला (नव्या मांडणीसह पुन्हा उघडला) की पुरते. सरकारी पत्रात ‘माजी मालगुजारी तलाव’ असते आणि गावात सगळे ‘मामा तलाव’ म्हणतात. अशा अनेक शब्दांच्या जोड्यांसाठी समानार्थींचा ‘ग्राफ’ प्रकारचा फिल्टर घ्यावा, जुना साधा फिल्टर त्यांत शब्दांची सरमिसळ करतो. ‘मोह’ आणि ‘मोहफूल’, ‘तेंदू’ आणि ‘तेंदूपत्ता’ या जोड्याही त्याच फाइलमध्ये जातात. ही फाइल सामान्यीकरणाच्या आधी ठेवली तर ती नेहमीच्या मराठीत लिहिता येते.

६. भरणा आणि कमिट

भरलेला कागद डिस्कवर सुरक्षित होणे आणि शोधात दिसू लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ मांडणीत दर पंधरा सेकंदांनी होणारा आपोआप कमिट (बदल पक्के करण्याची क्रिया) कागद सुरक्षित करतो, पण शोधासाठी नवा दरवाजा उघडत नाही. नवखा माणूस भरणा करतो, शोधतो, काही दिसत नाही म्हणून पुन्हा भरतो. ओळख यादृच्छिक असेल तर येथेच दुहेरी नोंदी होतात. मोठा भरणा संपल्यावर एकदाच हाताने कमिट द्यावा. प्रत्येक कागदामागे कमिट देऊ नये, त्याने लहान लहान तुकड्यांची रास होते आणि संगणक दमतो.

फील्डचा प्रकार किंवा भरण्याच्या बाजूचे फिल्टर बदलले की संपूर्ण संग्रह पुन्हा भरावा लागतो, म्हणून मूळ मजकुराच्या फाइली सोलरच्या बाहेर नीट जपून ठेवाव्यात.

७. निकालांचा क्रम

शोधासाठी अनेक फील्डमध्ये एकदम शोधून प्रत्येकाला वेगळे वजन देणारी ‘ई-डिसमॅक्स’ ही पद्धत निवडावी. विषयाला मजकुराच्या तिप्पट वजन आणि सामान्यीकरण न केलेल्या फील्डला त्याहून थोडे अधिक, एवढ्यावर माझे काम भागले. गुण देण्याचे बीएम-२५ हे मूळ सूत्र बदलण्याची गरज पडली नाही. वहीतील प्रश्न एकेक घालून अपेक्षित ठराव पहिल्या पाचांत येतो का ते पाहावे आणि एका वेळी एकच वजन बदलावे.

८. दरवाजे बंद ठेवणे

नव्याने बसवलेल्या सोलरला नाव-पासवर्ड काहीही नसते. नवव्या मालिकेपासून तो मुळात फक्त त्याच संगणकावरून उघडतो. वाचनालयातील दुसऱ्या संगणकावरून पान उघडत नाही याचे कारण बहुधा हेच असते. तेव्हा घाईने तो सर्वांना खुला करण्याचा मोह होतो. तसे न करता शोधाचे एक छोटे पान वेगळ्या वेब सर्व्हरवर ठेवावे, त्यालाच सोलरशी बोलू द्यावे आणि प्रशासनाच्या पानाला पासवर्ड लावावा. ८९८३ पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नये. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी लिहिणाऱ्या घटकातील सुरक्षेचा दोष उघड झाला तेव्हा सोलरच्या अनेक आवृत्त्या त्याच्या कचाट्यात होत्या. गावात बसवलेली वस्तू वर्षानुवर्षे तशीच राहते, म्हणून आवृत्ती तपासण्याचा दिवस ठरवून टाकावा.

९. वीज, उन्हाळा आणि रोजची देखभाल

वीज अचानक गेली तरी सोलर व्यवहार-नोंदीवरून (प्रत्येक बदल टिपून ठेवणाऱ्या फाइलीवरून) शेवटचे बदल परत उभे करतो, त्यामुळे पुन्हा सुरू होताना तो काही वेळ अडून बसला तर घाबरून बंद करू नये. त्याला ते काम संपवू द्यावे. तरीही यूपीएसची बॅटरी उतरण्यापूर्वी सेवा रीतसर थांबवणारी व्यवस्था करावी. कोअर उघडत नसेल आणि लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलीत) कुलपाच्या फाइलचा, म्हणजे एका वेळी एकाच प्रक्रियेला इंडेक्स लिहू देणाऱ्या फाइलचा, उल्लेख असेल, तर आधी दुसरी सोलर प्रक्रिया चालू राहिली आहे का ते पाहावे. ती चालू असताना कुलूप काढून टाकले तर इंडेक्स खरोखरच बिघडतो.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा मोठा भरणा पहाटे करावा. संगणक कपाटात कोंडू नये आणि त्याच्या जाळीवरची धूळ पंधरवड्याला झटकावी.

बॅकअप सोलरमधील ‘प्रतिकृती-हँडलर’ या सोयीच्या बॅकअप आज्ञेने घ्यावा, चालू इंडेक्सचे फोल्डर नुसते कॉपी करू नये. स्कीमा (फील्डची व्याख्या देणारी फाइल), समानार्थी शब्द आणि रूपांची फाइल यांची प्रत वेगळी ठेवावी. इंडेक्स गेला तर एका रात्रीत पुन्हा भरता येतो, चारशे नामांची यादी पुन्हा करायला पुन्हा चार महिने जातील. तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून एक शोध घेऊन पाहावा.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी लॉगमधून शून्य निकाल लागलेले शोध वेगळे काढतो आणि वहीत उतरवतो. गेल्या वेळी त्यात ‘मामातलाव’ असा जोडून लिहिलेला शब्द सहा वेळा होता. समानार्थींच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवली, कोअर रीलोड केला आणि पाळीच्या दुरुस्तीचा तो ठराव पहिल्या क्रमांकावर आला.